किती मिली, भाऊ?

२००४ साली नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी गाभण उंदरिणींच्या मागे लागले होते. त्यांना फिट्सचं औषध दिलं तर पिल्लांच्या किडन्यांचं काय होतं, हा माझा पीएचडीचा विषय. पिंजरे गोटीरामभाऊंकडे. पेठ तालुक्याकडचा माणूस, आवाज खणखणीत. रोज सकाळी ते उंदरांची लघवी मापात धरायचे आणि मजलाभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "ताई, तीन नंबर, अकरा मिली!" पोरं हसायची, मी चिडायचे. पण भाऊंचा आकडा कधी चुकला नाही.

एकदा उंदरांच्या खाद्याच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. औषध माझ्या प्रयोगातलंच! माझं डोकं फिरलं.

"भाऊ, माझ्या उंदरांना परस्पर गोळ्या चारता?"

"नाय ताई. सुनेच्या हायत."

त्यांची सून सरिता पाच महिन्यांची गरोदर होती आणि लग्नाआधीपासून तिला फिट्सची गोळी चालू होती. आदल्या दिवशी मीच मोठ्या हौसेने भाऊंना मायक्रोस्कोपखाली पिल्लांच्या बिघडलेल्या किडन्या दाखवल्या होत्या.  ते घरी गेले आणि गोळ्याच उचलून आणून या डब्यात लपवल्या.

 गोळी एकदम बंद होऊन मोठी फिट आली असती, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतलं असतं. भाऊंना स्कूटीवर बसवून मी त्यांचं सातपूरचं घर गाठलं, आणि तिथून सरिताला घेऊन रिक्षाने तिघं दवाखान्यात.

"उंदरांचा डोस कितीतरी पट मोठा असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी मनाने बंद करायची नाही." मग सोनोग्राफीत त्यांनी बाळाच्या दोन्ही किडन्या दाखवल्या.

"दिसत्यात. पण चालत्यात का?" भाऊंनी विचारलं. किडनी नुसती दिसून भागत नाही, ती चालते का हे लघवीच सांगते, ही माझीच शिकवण!

"चालत असणार. खात्री बाळच देईल," बाई हसल्या.

चार महिन्यांनी सरिताला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले, तर भाऊ नातीला मांडीवर घेऊन बसलेले. पोरीला अजून लघवी झाली नव्हती आणि भाऊ कुणाच्या हातात तिला देत नव्हते. मीही शेजारी बसले. सरिता खाटेवरून बघत होती. 

आणि एकदम भाऊ ओरडले, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे, "झाली! ताई, झाली!" पायजमा चिंब, गालांवरून पाणी. सरिता हसत सुटली. मीही रडत होते, आणि आनंदाने रडत होते.

"किती मिली, भाऊ?" मी विचारलं.

भाऊंनी ओल्या मांडीकडे नीट पाहिलं. "मोजता नाय येत, ताई," ते म्हणाले. "लय हाय!"