पासष्ट ते पंच्याहत्तर

आप्पांची तक्रार अगदी नेमकी होती. पिकअप पासष्टच्या वर गेली की थरथरायला लागते आणि पंच्याहत्तर ओलांडली की शहाण्यासारखी गप्प होते. जे काही दुखणं होतं ते या मधल्या दहांत. धाकटीच्या गॅरेजमध्ये येणारी बाकीची माणसं ‘काहीतरी आवाज येतो बघा’ एवढं सांगून मोकळी होत. आप्पांनी मात्र काटा कुठे असताना काय होतं, ते जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून आणलं होतं. त्यांनीच आपल्या या लेकीला बाराव्या वर्षी पाना धरायला शिकवलं होतं. आठ वर्षांपूर्वी गॅरेज तिच्या हवाली करून ते आईच्या रोपवाटिकेच्या कुंड्या पोचवायला लागले, आणि तेव्हापासून ही पिकअप म्हणजे त्यांचा जीव की प्राण झाली होती.

अडचण एवढीच होती, की गाडीत काही सापडत नव्हतं. धाकटीनं चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहिले. चाकांचे बेअरिंग हलवून पाहिले, इंजिनाखालचे रबर तपासले. तीनदा ती गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊन आली. पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर. गाडी इतकी गुमान चालली की तिला गाडीचाच राग आला.

राग यायला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव दादा. धाकटीचा हा थोरला भाऊ म्हणजे काळजीचं चालतंबोलतं पोतं. विमा कंपनीत बसून दिवसभर अपघातांचे कागद तपासायचे, त्यामुळे बिचाऱ्याला प्रत्येक वळणावर एक फाईल दिसते. मागच्या महिन्यात तो आप्पांबरोबर एका खेपेला गेला होता. आप्पांना गाडी चालवताना डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवून द्यायची सवय आहे. तो हात भर रस्त्यात थरथरताना दादानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. गाडीही हलत होती म्हणा, पण पिकअप हलायचीच, असं त्याचं मत. शिवाय आप्पांच्या हातात हल्ली कपबशी वाजते, हेही त्यानं टिपून ठेवलं होतं.

मग घरात बैठक बसली. दुखणं गाडीचं की हाताचं, याचा निकाल रविवारपर्यंत धाकटीनं लावायचा. गाडी ठणठणीत निघाली, तर आप्पांनी किल्ली कायमची खाली ठेवायची आणि खेपांना ड्रायव्हर बघायचा, असं दादानं मांडलं. कुणीतरी वाद घालेल या तयारीनं तो आला होता, पण आप्पा लगेच म्हणाले, “धाकटी म्हणेल ते.”

म्हणजे सगळं तिच्या जिभेवर येऊन ठेपलं. एखादा बोल्ट आवळून ‘सापडलं बरं का’ म्हणायचा मोह तिला झाला नाही असं नाही. पण मागे चाळीस कुंड्या, शेजारी आई आणि हात खरंच थरथरत असतील तर? शनिवारी दुपारी तिनं मन घट्ट केलं, हात धुतले आणि सांगून टाकायला घरी निघाली.

आप्पा घरी नव्हते. आई रोपवाटिकेत खाली बसून कुंड्यांत माती भरत होती. धाकटी तिच्याशेजारी बसली आणि तीही माती भरायला लागली, कारण आईजवळ रिकाम्या हातानं बसायची सोय नाही. काय सांगायला आली आहे, ते आईनं तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असावं, कारण ती दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

“हल्ली मला गाडीत झोप लागत नाही बघ. वय झालं, दुसरं काय.”

ही बातमी मात्र खरोखर मोठी होती. आई गाडीत बसली की झोपते, हे घरात सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. दार लागल्याचा आवाज हीच तिची अंगाई. लग्न झाल्यावर दोघं ज्या गाडीतून निघाली, त्या गाडीतही ती पहिल्या वळणाला झोपली होती, असं आप्पा सांगतात आणि ती नाही म्हणत नाही.

“अजिबात लागत नाही?” धाकटीनं विचारलं.

“जाताना नाही लागत. जरा डोळा लागला की कुणीतरी हलवून उठवल्यासारखं होतं. येताना लागते.”

धाकटी आधी हसली. वय झालेलं माणूस जाताना म्हातारं आणि येताना तरुण कसं, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलंही होतं. पण हातातली कुंडी तिनं खाली ठेवली. त्याच दोन जागा, तोच रस्ता, तीच गाडी. जाताना आणि येताना फरक काय? जाताना मागे कुंड्या असतात.

आणि तिनं तीनही वेळा गाडी रिकामी करून पाहिली होती. गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला नियमच होता तसा : ‘आधी गाडी रिकामी करायची, मग चालवून ऐकायची.’ एकदा खडखडाट शोधण्यासाठी आप्पांनी अर्धं इंजिन खोललं आणि शेवटी तो सीटखालच्या डब्यातल्या चमच्याचा निघाला. त्या दिवशी त्यांनी स्वतः ब्रश घेऊन ते लिहिलं. या खेपेलाही तिन्ही वेळा त्यांनीच कुंड्या एकेक करून उतरवून दिल्या होत्या. आपल्या विरुद्धचा पुरावा माणूस इतक्या निगुतीनं गोळा करत होता, आणि तीही मुकाट्यानं गाडीचा रिकामा हौदा झाडून घेत होती.

“आई, ऊठ,” ती म्हणाली. “गाडी भरायची आहे.”

आप्पा आले तेव्हा मागे चाळीस कुंड्या आणि मातीची दहा पोती चढली होती. सवयीनं ते ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, मग आपणहून वळून पलीकडे जाऊन बसले. ते वळणं धाकटीला फार लागलं. आई मध्ये बसली, धाकटीनं गाडी काढली आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आईची मान कलंडलीसुद्धा.

साठ. धाकटीनं डावा हात आप्पांसारखा गिअरच्या दांड्यावर ठेवला. बासष्ट, चौसष्ट. पासष्टला खालून काहीतरी जागं झालं. आधी पावलांना कळलं, मग सीटला, आणि मग तिचा हात थरथरायला लागला, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत.

“आलं बघ,” आई डोळे न उघडता म्हणाली. “इथेच उठवतात मला.”

धाकटीनं आप्पांकडे पाहिलं. ते तिच्या हाताकडे बघत होते. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि गाडी हलत होती तेवढेच हलत होते. पंच्याहत्तर ओलांडताच गाडी गप्प झाली.

परत येऊन तिनं भरलेली गाडी तशीच गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली आणि दिवा घेऊन खाली उतरली. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जो लांब शाफ्ट फिरत जातो, तो दोन तुकड्यांचा असतो आणि मधोमध रबराच्या गादीत बसवलेल्या बेअरिंगवर टेकलेला असतो. रिकाम्या गाडीत ती गादी तिनं पाहिली होती, तेव्हा ती साळसूद दिसली होती. आता वजनानं गाडीचं मागचं अंग खाली बसलं होतं, शाफ्टचा कोन बदलला होता, आणि पहारीनं जरा उचलताच गादीतली चीर हातभर लांबून दिसेल एवढी उघडली.

आप्पा मागोमाग खाली आले होते. त्यांनी चिरेत बोट घालून पाहिलं आणि बराच वेळ ते बोट काढलं नाही.

“मलाही वाटायला लागलं होतं, हातच असणार,” ते म्हणाले. “महिनाभर रोज सकाळी बाथरूमचं दार लावून शर्टाची बटणं लावून बघतोय. किती वेळ लागतो ते मोजतो.”

धाकटीचे डोळे भरून आले. हात ग्रीसनं माखलेले, त्यामुळे पुसताही येईनात. “मी तीनदा रिकामी नेली हो,” ती कशीबशी म्हणाली.

“मीच शिकवलेलं ना ते? नियम बरोबर आहे. अर्धाच लिहिला होता मी.”

रविवारी सकाळी नवी गादी आणि बेअरिंग बसलं. तोवर आप्पांनी स्टूल ओढून भिंतीवर दुसरी ओळ रंगवली : ‘मग भरून ऐकायची.’ अक्षरं पहिल्या ओळीइतकी सरळ आली नाहीत. ते दोघांनाही दिसलं. डॉक्टरांना एकदा हात दाखवून येतो, असं आप्पा स्वतःच म्हणाले, आणि धाकटीनं नको म्हटलं नाही. पण गाडीचं दुखणं गाडीचंच होतं, आणि ते तिनं दादाला तशा शब्दांत सांगितलं.

दादाचं समाधान कसलं होतंय. दुपारच्या खेपेला तो स्वतः बरोबर जाणार म्हणाला. आप्पा चालवायला, आई मध्ये आणि दादा खिडकीशी, आप्पांच्या डाव्या हातावर डोळा ठेवून. मागे चाळीस कुंड्या. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा धाकटीचा जीव त्या मधल्या दहांत अडकला होता.

तिनं दुसऱ्या एका गाडीचं काम काढलं आणि तोच नट तीनदा आवळला. अर्ध्या तासानं फोन वाजला. दादा होता, आणि इतकं हळू बोलत होता की तिनं पाना खाली ठेवून फोन कानाला घट्ट दाबला.

“काय झालं?”

“आई झोपली,” दादा कुजबुजला. “माझ्या खांद्यावर. मला हलताही येत नाहीये.”

धाकटी खाली पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. “काटा कुठे आहे?”

“सत्तरवर. मघापासून सत्तरवर आहे.”

तिला पुढचं विचारायचं होतं, पण पलीकडून आप्पांचा आवाज आला. फार दिवसांनी तो जुन्या आप्पांसारखा, कुणाला तरी दटावणारा होता.

“फोन ठेव म्हणावं धाकटीला. उठवशील बिचारीला.”