व्हॅनची चावी

पाळणाघरातली ताई मुलांवर जीव टाकायची, पण मोठ्या बाईंपुढे तिची मान कायम खाली. पाळणाघर त्यांचं. कॉलेजात असताना एकदा दारू पिऊन ताईने गाडी खांबावर घातली होती. कोणाला साधं खरचटलं नाही, पण कोर्टात गुन्हा शाबीत झाला, लायसन्सही काही काळ गेलं. नोकरीला लागताना तिनेच आपणहून ते सांगितलं. झालं! बाईंच्या हाती आयतं कोलीत मिळालं. सुट्टी मागा, नाहीतर कशाबद्दल तक्रार करा, उत्तर ठरलेलं: पालकांना कळलं तर?

त्या दिवशी दुपारी तिने नोकरीत कायम करायचा विषय पुन्हा काढला आणि बाईंनी तिला फाडून खाल्लं. तिच्यासारखीच्या हाती मुलं दिली हेच उपकार, म्हणे. उपकार कसले डोंबलाचे! भरवण्यापासून शी-शू काढण्यापर्यंत सगळं हीच करायची. पण नोकरी हवी होती, म्हणून दातओठ खात कामाला लागली.

संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला. तापाने फणफणलाय, आज व्हॅन चालवायला येणार नाही. मुलं दप्तरं अडकवून दारात उभी. बाईंना स्वतःला गाडी येत नव्हती. त्यांनी चावी ताईपुढे सरकवली आणि मुलांना सोडून यायला सांगितलं. लायसन्स परत मिळालंय ना, मग झालं तर.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली.

"आधी पालकांना फोन करा," ती म्हणाली. "आज व्हॅन कोण चालवणार ते सांगा, माझा गुन्हाही सांगा. सगळे हो म्हणाले तर चालवते."

बाई लालबुंद झाल्या. उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या. ताई मुलांजवळ जाऊन बसली. शेवटी बाईंनी झक मारत पालकांनाच बोलावून घेतलं.

पहिला आला तो एका चिमुरडीचा बाप, काम टाकून, चरफडत. बाईंनी खापर सरळ ताईवर फोडलं.

"ही चालवायला तयार नाही. पूर्वी दारू पिऊन गाडी ठोकलीय ना, म्हणून आता नखरे."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप बाईंकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं," तो बाईंना म्हणाला, "आणि तरी हिला चावी देत होतात?"

बाईंनी चावी चटकन उचलून पर्समध्ये टाकली. ताईला वाटलं, चला, कोणीतरी बोललं एकदाचं. तिने चिमुरडीचं दप्तर उचलून पुढे केलं. बापाने ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं. पोरगी ताईला टाटा करायला वळली, तर तिचा हात खाली ओढून तो तिला बाहेर घेऊन गेला.