तळातली कळशी

"आजी, चप्पल काढा अगोदर."

भागीरथा विहिरीच्या ओट्यावर चढता चढता थांबली. एका हातात दोर, दुसऱ्या हातात बादली, आणि पायांत मुलाने, आदेशने, मागच्या दिवाळीला आणलेल्या रबरी चपला. अडवणारा राकेश गावातलाच, दूध संकलन केंद्रावर बसणारा. त्याच्या कपाळावर शेंदराचा ताजा टिळा होता.

"काऊन गा? सत्तर वर्सं झाले, या इहिरीचं पानी भरून राह्यली मी. पायात जे असन ते घालून."

"तवा देव नोते निंगाले ना."

"देव निंगाले म्हनून ओटा थंडा झाला का? चैताचं ऊन हाय बाप्पा. पाय भाजले तं तुहा देव मलम लावन का?"

मागे उभ्या असलेल्या वस्तीतल्या बाया हसल्या. राकेशही हसू दाबू लागला, पण वाटेतून हलला नाही. तेव्हा झाडाखालच्या खुर्चीवरून प्रभाकरराव उठून आले. ते चिंचझरीचे माजी सरपंच. आवाज कधी न चढवणारा माणूस.

"भागीरथाबाई, पान्याले कोनी नाई म्हनत नाई. टँकर सांगतलं हाय समुद्रपूरले. हनुमान जयंती होऊ द्या, मंग पाहू."

"मंग काय पाह्यता भाऊ? तोंडावर लोखंडी जाळी बसून राह्यली म्हनते. जाळीतून बादली कशी उतरन?"

प्रभाकरराव परत खुर्चीकडे वळले. भागीरथाने चपला काढल्या नाहीत आणि ओट्यावरही चढली नाही. तिथूनच तिने फळीवर मांडलेल्या वस्तूंकडे पाहिले. चार दिवसांपूर्वी ग्रामपंचायतीने गाळ काढण्यासाठी विहिरीवर यारी लावली होती. तळाच्या चिखलातून तोंड लाखेने बंद केलेली एक पितळी कळशी वर आली, आणि लाख फोडताच आत देव निघाले. संध्याकाळपर्यंत सारे गाव बौद्ध वस्तीत लोटले होते. एरवी या बाजूला गावातले कोणी फारसे येत नसे. आता इथे भगवा झेंडा होता, नारळांच्या करवंट्यांचा ढीग होता आणि "स्वयंभू" हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता.

गर्दीमुळे इतके दिवस तिला फळी नीट दिसली नव्हती. हळदीकुंकवाने माखलेल्या त्या ओळीत उजवीकडून दुसरा, तळहाताएवढाही नसलेला पितळेचा एक पत्रा होता. त्यावर मुलाची आकृती ठोकलेली होती. डोळे म्हणून दोन ठिपके, हात कमरेवर.

भागीरथाने बादली खाली ठेवली. मग ती पुन्हा उचलली आणि रिकामीच घेऊन ती घराकडे वळली.

*

"पानी?" सुनेने, पौर्णिमेने, विचारले.

"नाई भेटलं."

पौर्णिमेने हंड्यात डोकावून पाहिले आणि झाकण ठेवून दिले. नळाला चार दिवसांआड पाणी येई, तेही हंडा-दोन हंडे. उन्हाळा वस्ती या विहिरीवरच काढत असे. गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते त्या काळात वस्तीतल्या पुरुषांनी ती स्वतः खोदली होती. खोदणाऱ्यांत भागीरथाचा बापही होता.

आदेश रात्रपाळी करून सेवाग्रामहून परतला होता. तिथल्या रुग्णालयात तो वॉर्डात कामाला होता. जेवता जेवता भागीरथाने त्याला सगळे सांगितले. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"माय, हे आतापर्यंत काऊन नाई सांगतलं तू?"

"सांगाले काय होतं? बुडोलं ते बुडोलं."

छप्पन्न सालच्या दसऱ्याला तिचा बाप नागपूरला गेला होता. परतला तो पांढऱ्या धोतरात, आवाज बसलेला. बाबासाहेबांना त्याने फार लांबून पाहिले होते, इतक्या लांबून की चेहरा दिसला नाही. पण त्यांच्यामागून म्हटलेल्या बावीस प्रतिज्ञा त्याच्या अंगात भिनल्या होत्या. त्याच संध्याकाळी त्याने कोनाड्यातले देव एकेक करून काढले. खंडोबाचा टाक, भवानी, मरीमायचा शेंदरी गोटा, असे सगळे तो कळशीत ठेवत गेला. शेवटी त्याच्या हातात तो मुलाचा पत्रा आला, तेव्हा दारात उभ्या असलेल्या मायने प्रथमच तोंड उघडले.

"त्याले राहू द्या. तो देव नाई. लेकरू हाय."

तो चंद्रभान होता, भागीरथाचा मोठा भाऊ. पाच वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मायने हिंगणघाटच्या सोनाराकडून त्याचा टाक घडवून घेतला होता. दर अमावस्येला ती त्याला आंघोळ घाली आणि गुळाचा खडा ठेवी. बाप त्या पत्र्याकडे बराच वेळ पाहत राहिला. सात वर्षांच्या भागीरथाला वाटले, आता तो खिशात टाकील.

"एक ठेवला तं समदे ठेवले," तो म्हणाला. मग कळशीचे तोंड लाखेने बंद करून तो विहिरीकडे गेला.

त्यानंतर माय पुन्हा त्याविषयी बोलली नाही. धम्माचे सारे तिने केले. पंचशील पाठ केले, लेकीला शाळेत घातले, दर पौर्णिमेला विहारात पहिली तीच जाई. मात्र विहिरीवर गेली की पहिल्या बादलीतली एक ओंजळ ती परत विहिरीत सोडी. बाप ते पाहत असे, आणि पाहूनही कधी काही म्हणत नसे. भागीरथा एकुलती उरली, म्हणून तिचा नवरा घरजावई आला. म्हातारी माणसे गेली, नवराही गेला. ओंजळ भागीरथाकडे आली. बाया चिडवत, "तुह्या इहिरीलेच तहान लागते का व, भागीरथा?" ती म्हणे, "उन्हाळा हाय. लागत असन."

"आता काय करतं म्हनतं?" आदेशने विचारले.

"सांगतो. देव निंगाले नाई, आमचे हायत म्हनून."

"अन मंग? गावातले ऐकतीन? एक जन तरी म्हनन का, हो बुढे, तुहं बराबर हाय? मी ड्युटीवर असतो. घरी तुमी दोघीच." त्याने ताट बाजूला सारले. "अन आपले लोक काय म्हनतीन? इतके वर्सं झाले, अन बुढी म्हनते, माह्या घरचे देव. मी अर्ज देल्ला हाय तहसीलले."

"काय म्हने तहसीलदार?"

"भावनेचा प्रश्न हाय म्हने."

"भावना हंड्यात भरता येते का?" पौर्णिमा चुलीपासूनच म्हणाली. "तुमचे अर्ज चालू द्या. मले उद्याच्याले पानी पाह्यजे. का तुमच्या ड्युटीवरून सलाईनच्या बाटल्या आनता?"

आदेश हसला नाही. भागीरथाही नाही.

*

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरहून वेल्डर आला. विहिरीच्या तोंडावर फीत ताणून तो मापे घेऊ लागला. गावातली बरीच माणसे जमली होती. एका बाजूला वस्तीतली माणसे उभी होती, हात बांधून. प्रभाकररावांच्या पत्नी शोभाबाई प्रसाद वाटत होत्या. भागीरथा आणि त्या, दोघींनी तरुणपणी एकाच वावरात कापूस वेचला होता. शोभाबाई मालकीण म्हणून, भागीरथा रोजाने. तरी शोभाबाई तिला पाहून हसल्या. "ये व भागीरथे. प्रसाद घे."

भागीरथाने हात पुढे केला नाही. ती ओट्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली.

"भाऊ, माप थांबवा," ती प्रभाकररावांना म्हणाली. "हे देव निंगाले नाई. हे बुडोले होते. माह्या बानं बुडोले, धम्म घेतला त्या साली. हे माह्या घरचे हायत."

वेल्डरची फीत तशीच ताणलेली राहिली.

"कोन्त्या घरचे?" मागून कोणीतरी विचारले.

"माह्या. या वस्तीतलं, पह्यल्या ओळीतलं घर."

"बुढीले पानी पाह्यजे म्हनून बोलून राह्यली," राकेश म्हणाला.

"पानी तं पाह्यजेच. अन हेही खरं हाय." तिने फळीकडे बोट केले. "हा खंडोबा. हे भवानी. हा गोटा मरीमायचा, माह्या आजीनं माहेरहून आनला होता. अन हे पोट्टं माहा भाऊ होय. चंद्रभान नाव होतं. पाच वर्साचा होता. देवीनं गेला. तुमी त्याले पाच दिवस झाले नारळ फोडून राह्यले."

आता वस्तीतली माणसेही खाली पाहू लागली. आदेश गर्दीच्या मागे उभा होता. तो पुढे आला आणि आईच्या शेजारी थांबला.

सगळ्यांची नजर प्रभाकररावांकडे गेली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली.

"बापानं सांगतलं होतं मले," ते हळूच म्हणाले. "इहिरीत बुडोले म्हने. मी लहान होतो. इतक्या वर्सांत ध्यानातून गेलं..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते ध्यानातून गेले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आरडाओरडा होईल, कोणी अंगावर धावून येईल, अशा तयारीने भागीरथा आली होती. तसे काहीच झाले नाही. तक्रार करावी असा एक शब्द कोणी उच्चारला नाही. शोभाबाईंनी हातातल्या प्रसादाच्या ताटाकडे पाहिले आणि ते ओट्यावर ठेवून दिले. मग पदराचे टोक घेऊन त्यांनी कपाळाला लावलेले त्या देवांपुढचे कुंकू पुसले, आधी हळू, मग घासून. राकेश झाडामागच्या बादलीत हात धुऊ लागला. माणसे एकेकाने घराकडे वळू लागली, जणू शेतातले एखादे काम अचानक आठवले असावे. झेंडा कोणी काढला ते कळले नाही. काही वेळाने तो तिथे नव्हता.

"जाळीचं राहू द्या," प्रभाकरराव वेल्डरला म्हणाले. त्याने फीत गुंडाळली.

"भाऊ," भागीरथाने त्यांना थांबवले. "देव तं तेच हायत ना? कालचे?"

प्रभाकररावांनी फळीकडे पाहिले. मग टोपी डोक्यावर ठेवली, आणि ते निघून गेले.

*

देव दोन दिवस फळीवरच पडून होते. गावातून त्यांना न्यायला कोणी आले नाही. वस्तीत बैठक झाली. कोणी म्हणाले नाल्यात फेका, कोणी म्हणाले भंगारवाल्याला द्या, आपला काय संबंध. खोबऱ्याला मुंग्या लागल्या. कुत्र्याने मरीमायच्या गोट्यावरचा गूळ चाटून नेला. विहीर मोकळी झाली होती. बाया पाणी भरत होत्या, पण फळीच्या बाजूने कोणी जात नव्हते. पाणी परत मिळाल्याचा आनंद मात्र कोणाच्याच बोलण्यात नव्हता. कशामुळे मिळाले ते प्रत्येकाला कळले होते.

तिसऱ्या सकाळी भागीरथा राख आणि नारळाची शेंडी घेऊन ओट्यावर बसली. पायात चपला होत्या. तिने आधी ती कळशी घासली. सत्तर वर्षांचा काळा थर उतरायला बराच वेळ लागला. आतून पिवळे पितळ निघाले. मग तिने एकेक देव धुतला. शेंदूर, हळद, कुंकू पाण्याबरोबर ओट्यावरून वाहून गेले. ती हात जोडत नव्हती. भांडी घासावीत तशी घासत होती, फक्त अधिक सावकाश.

आदेश ड्युटीवरून येऊन शेजारी उकिडवा बसला. एकेक वस्तू पुसून तो कळशीत ठेवू लागला. शेवटचा पत्रा त्याच्या हातात आला.

"हा कोन?"

"तुहा मामा."

आदेशने तो तळहातावर घेतला. मुलाच्या डोळ्यांचे दोन ठिपके आता स्वच्छ दिसत होते.

"माय, याले ठेवतं का घरी? कोनाले नाई सांगत मी."

भागीरथाने पत्रा त्याच्याकडून घेतला. पदराने पुन्हा एकदा पुसला, कोरडाच होता तरी. तिचे ओठ हलले. मग तिने तो कळशीत सोडला.

"बा म्हने, एक ठेवला तं समदे ठेवले."

आदेशने कळशीच्या गळ्याला दोर बांधला. दोघांनी मिळून ती खाली सोडली. हिसका बसू नये म्हणून भागीरथा दोर हातांतून थोडा थोडाच सुटू देत होती. तळ लागला तेव्हा आदेशने दोर कापला.

गाळ काढल्यामुळे विहिरीचे पाणी त्या उन्हाळ्यात फार नितळ होते. दुपारी ऊन सरळ खाली उतरले की तळाशी ती घासलेली कळशी चमकताना दिसे. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते, पण वस्तीतल्या बाया त्या बाजूची गडगडी वापरेनाशा झाल्या. बादली पलीकडून सोडत, लागू नये म्हणून. पौर्णिमा पहिली बादली ओढून कठड्यावर ठेवी आणि सासूकडे न पाहता थोडी बाजूला सरकून उभी राही.

भागीरथा वाकून एक ओंजळ घेई, आणि परत सोडी.