राज्यघटना दिनाची शांतता

सर्वोच्च न्यायालयाने रेनडियर पाळणाऱ्या लाइसाच्या बाजूने निकाल दिला, त्याला आता तिसरे वर्ष लागले होते. डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्यांचा परवाना अवैध आहे, त्याने उत्तरेकडच्या आदिवासी सामी लोकांचा रेनडियर पाळण्याचा हक्क पायदळी तुडवला आहे, असे न्यायमूर्तींनी एकमताने म्हटले होते. नॉर्वेत न्यायालयाचा मान फार मोठा. मंत्रालयाने निकालाचा आदर केला, आदराचे पत्रक काढले, हा आदर अमलात कसा आणावा याच्या अभ्यासासाठी समिती नेमली. आणि पवनचक्क्या फिरत राहिल्या. त्या थांबवणे तांत्रिकदृष्ट्या अतिशय गुंतागुंतीचे आहे, असे समितीचे अंतरिम मत होते.

रेनडियरांना अंतरिम मते वाचता येत नाहीत. फिरती पाती दिसली, की गाभण माद्या माथ्याखालच्या खिंडीच्या तोंडाशी बिचकत आणि माघारी वळत. पलीकडच्या उतारावर बर्फ आधी वितळतो, चरायला दगडफूल उघडे पडते. पिढ्यान्‌पिढ्या त्या तिथेच व्यात आल्या होत्या. पवनचक्क्या आल्यापासून पिल्ले खिंडीअलीकडच्याच गोठलेल्या दलदलीत जन्मत आणि बरीचशी तिथेच गारठून मरत. यंदाही तसेच झाले तर कळप विकायचा, असे लाइसाच्या मुलाने, योव्वाने, तिला सांगून टाकले होते.

अशात सतरा मे उजाडला. राज्यघटना दिन. घटनेतले सामी लोकांविषयीचे कलम वाचायला ग्रोविक गावच्या उत्सव समितीने लाइसालाच बोलावले होते. जिच्या बाबतीत ते मोडले तिच्याच तोंडून ते ऐकण्यात मोठे औचित्य होते. समितीच्या ते ध्यानात आले नव्हते, हा भाग वेगळा.

निळा सामी झगा घालून ती शाळेच्या पटांगणात शिरली आणि थबकली. काहीतरी कमी होते. घरघर नव्हती. वर माथ्यावर सगळी पाती निश्चल उभी होती.

"अगं, मीच बंद करायला लावलीत!" समितीची अध्यक्ष तूरबियोर्ग कौतुकाने म्हणाली. "दर वर्षी पोरांच्या गाण्यात मेली ती घूंघूं! यंदा टीव्हीवाले येणार, म्हणून कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणतो, एवढंच ना बाई, एक बटण तर दाबायचंय! किती गोड!"

"कधीपर्यंत बंद?"

"तुझं भाषण शेवटचं. ते संपलं की मी कळवायचं, मग सुरू. तू आपली सावकाश वाच हं, घाई नको."

"छे, घाई कसली," लाइसा म्हणाली आणि झेंड्याच्या खांबामागे जाऊन तिने योव्वाला फोन लावला.

"वर बघ."

"आई! थांबल्यात?"

"कळप सोड."

"वेड लागलंय का? अर्ध्या खिंडीत असताना सुरू झाल्या तर बिथरून दरीत कोसळतील सगळ्या!"

"मी बोलतेय तोवर नाही होणार. पलीकडे पोचलास की फोन कर."

"तू बोलणार? तू तर चार वाक्यांत आटपतेस!"

"सोड म्हटलं ना!"

व्यासपीठावर उपमंत्री ट्रुल्स हेगेलुंड चांदीच्या बटणांच्या पारंपरिक पोशाखात सांगत होते, की मानवी हक्क म्हणजे काय ते जगाने आपल्याकडून शिकावे. खाली उतरताना त्यांनी लाइसाचा हात दोन्ही हातांत घेतला. "अभिनंदन हं! शेवटी तुम्ही जिंकलात!"

"हो, कानावर आलंय माझ्या."

कलम एका वाक्याचे होते. ते वाचून झाले, टाळ्यांसाठी हात उचलले गेले, तोच लाइसाने झग्यातून निकालाची प्रत काढली. उपमंत्र्यांना द्यायला आणली होती; ती पहिल्या पानापासून वाचू लागली.

राज्यघटना दिनी वक्त्याला अडवणे ही ग्रोविकमध्ये कल्पनेपलीकडची गोष्ट. निकाल मोडता येतो, कलम मोडता येते, रिवाज नाही. सॉसेजेस गार पडली. आइस्क्रीम मनगटांवरून ओघळले. बँडवाल्याने तुतारी मांडीवर ठेवली.

"हे सगळं वाचणार की काय त्या?" हेगेलुंड हसरा चेहरा न मोडता कुजबुजले.

"थांबवू कशी? आजच्या दिवशी?" तूरबियोर्ग हवालदिल झाली होती.

लाइसा वाचत राहिली. नजर अधूनमधून खिंडीकडे जाई. तिथे बर्फावर एक करडी रेघ सरकत होती, मध्येच अडत होती, पुन्हा सरकत होती. तिने तळटीपाही सोडल्या नाहीत.

झग्यात फोन थरथरला. तिने खिंडीकडे पाहिले. बर्फ मोकळा होता.

"'सबब हा परवाना…'" इथवर येऊन ती थांबली आणि प्रत उपमंत्र्यांच्या हातात देत म्हणाली, "पुढचं तुम्ही वाचा. तुम्हाला नवीन असेल."