दोर कोणी दिला

वसतिगृहातला लालसू धावत लाकडाच्या डेपोत आला तेव्हा मी सागवान रचत होतो. "इस्तारीभाऊ, चाला. बाई विहिरीत पडली." मी पोचलो तर गोकुळाला ओट्यावर निजवलं होतं. तोंडावरून सतरंजी ओढली होती.

चांद्याच्या त्या कॉलेजच्या वसतिगृहात गोकुळा, माझी बायको, भांडी घासायची. आम्ही महार. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला तेव्हा विहिरीवर पाटी लागली, पाणी सर्वांना खुलं. पण दोर-बादली पाणक्या नथ्थूच्या खोलीत कुलपात असे. तो वरून ओतायचा, ती खाली घागर धरायची.

सुपरिंटेंडेंट गुणवंतराव म्हणाले, "पाय घसरला. देवाची मर्जी."

दोर पाण्यात तरंगत होता. मी नथ्थूला विचारलं, "तिले दोर कोनं देल्ला?"

"मले काय मालूम? तुही बायको लय कायदा शिकली होती. कायद्यालेच विचार."

दुसऱ्या दिवशी विहीर उपसली. गुणवंतराव म्हणाले, कोणीही मेलं तरी उपसावीच लागते. खरं आहे. पण आदल्या साली देशमुखांचा पोरगा त्याच विहिरीत बुडाला, तेव्हा नुसती उपसली होती. या खेपेला वरून गोमूत्र टाकलं. मी कुंपणाबाहेरून पाहिलं.

मग मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. लालसूचाही. तो अहेरीकडचा माडिया आदिवासी, वसतिगृहातच राहून शिकायचा. गोकुळाचा दहावा झाल्यावर तो माझ्या घरी आला, पण बसेना.

"उभा काऊन आहेस?"

"कुलूप मी तोडलं, भाऊ. दोर मीच देल्ला. आम्ही पोरायनं ठरवलं होतं, कायदा आहे तं पहिली घागर बाईनं काढाव."

"मंग तुम्ही कुठी होते?"

"पंगतीत. जेवून राह्यलो होतो."

"आवाज नाई आला?"

"आला. आम्ही उठलो. गुणवंतराव म्हणाले, बसा, नथ्थू आहे तिथी."

"अन् नथ्थू?"

"काठावर उभा होता. म्हने, मी कसा शिवू तिले? शेवटी मीच उतरलो. पन तवा..."

"ठाण्यात सांगशील?"

"सांगतो."

आम्ही दोघं ठाण्यात गेलो. जमादारानं आम्हाला बाहेर बसवलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. त्याच आठवड्यात कुलूप तोडल्याबद्दल वसतिगृहानं लालसूला काढून टाकलं. तो गावी गेला.

त्याची जबानी अजून कोणी घेतलेली नाही. नथ्थूला पोलिसांनी विचारलेलं नाही. आणि त्या विहिरीतून आमच्यातल्या कोणी अजून पाणी काढलेलं नाही.