पिशव्यांची जाळी

माझी नणंद बेकरीत भट्टीवर काम करते आणि रविवारी फुटबॉल खेळते. गेल्या वर्षी लाँड्रीतल्या बायकांविरुद्धच्या वार्षिक सामन्यात तिनं अगदी शेवटी गोल मारला. चेंडू खांबांच्या मधून गेलेला मी माझ्या या डोळ्यांनी पाहिला. पण मागे जाळी नव्हती, आणि लाँड्रीच्या गोलकीपरनं "बाहेरून गेला, बाहेरून गेला" म्हणत इतका कांगावा केला की पंच गडबडले. पंच म्हणजे आमचे पोस्टमन. भला माणूस, पण कोणीही हातोहात गुंडाळावं असा. गोल दिलाच नाही.

घरी येऊन नणंद म्हणाली, "वहिनी, पुढच्या वर्षी एकदाच खेळेन. परत असं झालं तर बूट माळ्यावर."

माझं डोकंच फिरलं. हिनं खेळणं सोडायचं, ते त्या कांगावखोर बाईमुळे? जाळी नाही ना, मग जाळी मी करते. क्रोशाची सुई हातात धरली की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

दोरा घरातच होता. आमच्या सासूबाई प्लास्टिकची पिशवी कधी टाकत नाहीत. धुतात, वाळवतात, घडी घालतात आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या मोठ्या पिशवीत कोंबतात. ती भरली की तिच्यासाठी आणखी मोठी पिशवी. त्या ढिगाऱ्यावरून मी वर्षानुवर्षं कुरकुर केली होती. आता त्याच्याकडे बघून मला नाचावंसं वाटत होतं.

पिशवी सपाट पसरायची, कान आणि बूड कापून टाकायचं, उरलेल्याच्या आडव्या पट्ट्या करायच्या. प्रत्येक पट्टी उलगडली की एक कडं. कड्यात कडं अडकवून ओढलं की झाला दोरा. बघता बघता पांढरे, निळे, पिवळे गुंडे घरभर लोळू लागले. हात थांबेचना. भाजी करपली, दूध उतू गेलं, मला पर्वा नव्हती.

डावीकडचा वरचा कोपरा तेवढा राहिला होता. ढिगात मला हिरव्या पिशव्या दिसल्या. काय मऊ, काय रंग.

"त्या घेऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. "दुकानदार म्हणत होता, मातीत जिरतात त्या."

"जाळी कुठे मातीत पुरायचीय?" मी म्हटलं आणि कोपरा हिरवागार करून टाकला. मग सामन्यापर्यंत जाळी गॅलरीत टांगली. ऊन खाल्लं तिनं पोटभर.

सामन्याच्या दिवशी आम्ही ती बांधली. पंचांनी चारी बाजूंनी फिरून बघितली, मान डोलावली. मी तर हवेतच होते.

शेवटची काही मिनिटं उरली, दोन्ही संघांचे गोल सारखे. नणंदेला चेंडू मिळाला. तिनं मान वर केली आणि डाव्या कोपऱ्यात असा सणसणीत हाणला की मी बाकावरच उभी राहिले. आणि चेंडू थेट मागच्या कुंपणाला जाऊन धडकला.

"बाहेरून गेला," गोलकीपर लगेच म्हणाली. "आत असता तर जाळीत अडकला नसता?"

पंच डोकं खाजवू लागले. नणंद खाली बसून बुटांची नाडी सोडू लागली. इतके महिने जीव काढला आणि जाळी आमच्यावरच उलटली. सासूबाई नुसत्या हिरव्या कोपऱ्याकडे बघत होत्या. म्हणून मीही बघितलं.

मी धावत सुटले, थेट मैदानात. पंचांचा हात धरून त्यांना खेचत नेलं. हिरव्या कोपऱ्यात कलिंगडाएवढं भगदाड पडलं होतं. पट्ट्यांचा चुरा झाला होता आणि उरलेली टोकं सगळीच्या सगळी मागच्या बाजूला वळली होती.

"सकाळी हे होतं?" मी विचारलं.

"नव्हतं," पंच म्हणाले. त्यांनी भगदाडातून हात घातला, मग डोकंही घातलं, कुंपणाजवळच्या चेंडूकडे पाहिलं आणि तिथूनच शिट्टी फुंकली. गोल.

मी किती ओरडले ते विचारू नका, दोन दिवस घसा बसला होता. नणंदेनं नाडी परत बांधली.

घरी आल्यावर मी सुई घेऊन भगदाड विणायला बसले, तर नणंदेनं सुई काढून घेतली. "राहू दे," ती म्हणाली. मग बूट धुवायला मोरीत गेली.

दारामागे आता दोन पिशव्या टांगलेल्या असतात. एकीत सासूबाई फक्त हिरव्या जमवतात, पुढच्या वर्षासाठी.