चार नंबर

“तुमचा नंबर?”

“उजवा साडेसहा, डावा सहा,” ती म्हणाली.

“तो नाही हो ताई, टोकनचा.” काउंटरवरची मुलगी हसली.

“अकरा.”

मागे बसलेल्या सासूबाईही हसल्या. त्यांच्या मांडीवर सव्वा वर्षाची ढब्बू आजीच्या घड्याळाचा पट्टा चावत होती. तिला स्वतःला मात्र हसू आलं नाही. विम्याच्या कचेरीत दिवसभर दाव्यांच्या फायली तपासून तिला खोडच लागली होती. कुणी हसलं, की कशावर पांघरूण घातलं जातंय ते आधी बघायचं. आणि या डोळ्यांच्या दवाखान्यात तर सगळेच हसत होते. काउन्सेलर बाई गेल्या खेपेपासून हसतच होत्या.

“चष्मा घालवायचं हे ऑपरेशन रेडीमेड नाही हं,” त्या म्हणाल्या होत्या. “तुमच्या डोळ्याचा नकाशा काढायचा, उंचवटे-खळगे मोजायचे आणि लेझर त्याबरहुकूम चालवायचा. मापाचा कपडा शिवतात ना, तसं.”

“मापाचं काय सांगता,” सासूबाई मध्येच बोलल्या होत्या. “आमच्या शिंप्यानं माझा ब्लाऊज शेजारणीला दिला. तिला तो चढेना, तर म्हणे अशीच फॅशन आहे.”

बाई खळखळून हसल्या. त्या दिवसापासून तिच्या मनात जी पाल चुकचुकत होती, ती थांबली नव्हती.

तरीही ती आली होती. महिन्याभरापूर्वी जिना उतरताना ढब्बूनं तिचा चष्मा ओढला. तो खाली जाऊन फुटला आणि पोरीला छातीशी धरून ती जिन्याच्या मधोमध उभी राहिली. पुढची पायरी कुठे संपते तेच दिसेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांनी हात धरून उतरवलं. तेव्हापासून तिला एवढंच हवं होतं, की पोर कडेवर असताना आपला पाय कुठे पडतोय ते दिसावं. नाकावर चष्मा असो वा नसो.

आतल्या खोलीत हिरवा झगा चढवून, डोळ्यांत बधिर करणारे थेंब घालून तिला बसवलं. शेजारी तसाच झगा घातलेली कॉलेजातली एक मुलगी होती.

“मावशी, तुमचा किती?”

मावशी ऐकून तिच्या कपाळावर आठी आली. “साडेसहा.”

“बाप रे. माझा फक्त चार.”

दोघींचे झगे सारखे, टोप्या सारख्या. शिंप्याची गोष्ट आता तिला तितकीशी गमतीची वाटेना.

तिला आधी बोलावलं. झोपवलं आणि चष्मा काढून घेतला. चष्मा नसला की ती कान टवकारायची. वर धुकट उजेड होता, डॉक्टर म्हणजे नुसता एक निळा ठिपका होता. पायांच्या बाजूला कुणीतरी बटणं दाबत होतं.

“सर, चार नंबर लावू?”

“लाव.”

“थांबा,” ती म्हणाली.

“ताई, हलू नका.”

“माझा नंबर चार नाही. बाहेर बसलीय त्या मुलीचा चार आहे. तुम्ही तिचा नकाशा लावलाय.”

बटणांपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. “अहो, चार नंबर म्हणजे आजचं चौथं ऑपरेशन. तुमचंच.”

“वाचून दाखवा.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वाचून दाखवलं. नाव, जन्मतारीख, उजवा साडेसहा, डावा सहा. सगळं तिचंच होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण माघार घ्यायची तर निदान सगळं तपासून घ्यावी.

“कधी काढलाय हा नकाशा?”

“पंधरवडा झाला.” डॉक्टर थबकले. “तुमचा आत्ताचा चष्मा कधीचा?”

“महिन्यापूर्वीचा. तेव्हा दोन्ही डोळ्यांना सहाच होता.”

“आणि पंधरा दिवसांत उजवा अर्ध्या नंबरानं वाढला?” डॉक्टरांचा आवाज बदलला. तो तिच्या ओळखीचा होता. फायलीत काही खटकलं की तिचाही असाच व्हायचा. “लहान मूल आहे का तुम्हाला?”

“सव्वा वर्षाची मुलगी.”

“अंगावर पिते?”

काउन्सेलर बाईंनी विचारलं होतं, बाळ वरचं दूध घेतं ना? ती ‘घेतं’ म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. बाईंना वाटलं, अंगावरचं सुटलं. तिला वाटलं, ऑपरेशनच्या दिवशी पोर उपाशी राहणार नाही ना, एवढंच विचारतायत. घरी तर ती आपण होऊनच ‘सुटलं’ असं सांगून मोकळी झाली होती, कारण ‘एवढी घोडी झाली, सोडव आता’ हा सासूबाईंचा धोशा ऐकवत नव्हता. उजाडायच्या सुमारास ती दार लोटून पोरीला जवळ घ्यायची. चष्म्याशिवाय तिला वीतभरच दिसायचं, पण त्या वीतभरात ढब्बूची एकेक पापणी मावायची.

“पिते,” ती म्हणाली.

“मग आज नको. दूध चालू असताना नंबर हलू शकतो. नकाशा तुमचाच आहे, पण तुमचा डोळाच अजून ठरलेला नाही. दूध सुटलं की तीन-चार महिने जाऊ द्या, मग नव्यानं माप घेऊ.”

“म्हणजे मी बोलले नसते तर...”

डॉक्टर हातमोजे काढत होते. “आम्ही विचारायला हवं होतं,” ते म्हणाले.

चष्मा लावून ती बाहेर आली. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“झालं एवढ्यात? आणि हे नाकावर काय?”

मशीन बिघडलं म्हणता आलं असतं. डॉक्टरांना तातडीचं बोलावणं आलं, हेही खपलं असतं. तिनं दोन्ही थापा मनात घोळवून पाहिल्या.

“नाही केलं, आई. ढब्बू अजून पिते माझ्याकडे. पिणारं मूल असलं की करत नाहीत.”

सासूबाई पोरीच्या पाठीवर थोपटत राहिल्या.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तिचा सकाळचा दुधाचा पेला रोज तसाच राहतो. पोर भरल्या पोटी उठते, ते काय वाऱ्यावर?”

“मग बोलला का नाहीत?”

“तू कधी बोलतेस ते बघत होते.”

आईचा आवाज ऐकून ढब्बू चुळबुळली, मग रडायलाच लागली आणि दोन्ही हात पुढे करून झेपावली. बाकं माणसांनी गच्च भरली होती. काउन्सेलर बाई कुणाला तरी मापाच्या कपड्याचं समजावत होत्या.

“घे तिला,” सासूबाई म्हणाल्या.

“इथे?”

“मग काय, मुहूर्त काढायचा?”

ती कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे वळून बसली. सासूबाईंनी खांद्यावरची शाल काढली, दोन्ही हातांत ताणून धरली आणि तोंड दुसरीकडे करून तिच्यापुढे उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं शालीच्या कडा थरथरू लागल्या. पण खाली आल्या नाहीत.